एक अष्टमांश, पण कशाचा? गॅसच्या रॉयल्टीबद्दल एका ताईंना दिलेलं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या बाबांनी १९९०च्या दशकात पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य भागात, ससक्वेहाना काउंटीत, ६२ एकर जमीन घेतली. २००८ मध्ये ती एका गॅस कंपनीला लीजवर दिली. रॉयल्टी साडेबारा टक्के ठरली. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. आई न्यू जर्सीत आहेत, तुम्ही ठाण्यात. आता कागदपत्रं लावताना चेकसोबत येणारे स्टब, म्हणजे हिशेबाच्या चिठ्ठ्या, तुम्ही पहिल्यांदाच नीट पाहिलेत, आणि जवळजवळ निम्मी रक्कम कपातीत जाते आहे हे लक्षात आलं. तुम्ही विचारलंय की रॉयल्टी मालकाचं रक्षण करणारा कायदा अमेरिकेत आहे का, आणि असेल तर मग हे कसं चालतं?

कायदा आहे. पेनसिल्व्हेनियात तो १९७९ पासून आहे. त्या कायद्यात मालकाला किमान एक अष्टमांश मिळालाच पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय. पण कशाचा एक अष्टमांश, ते लिहिलेलं नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांतली सगळी भांडणं या एका न लिहिलेल्या शब्दाची आहेत. तुमच्या बाबांच्या चेकमधली कपातही तिथूनच येते.

मी या कामात तेवीस वर्षं आहे. पहिली नऊ वर्षं कंपनीच्या बाजूला होते, कोणत्या विहिरीत कोणाचा किती हिस्सा हे ठरवून संगणकात भरणाऱ्या खात्यात. नंतर बाजू बदलली आणि आता मालकांसाठी स्टब तपासते. मी वकील नाही. पुढचं सगळं हिशेब तपासणाऱ्या बाईच्या अनुभवातून लिहिते आहे. दावा लावायची वेळ आली तर त्या काउंटीत काम करणारा तेल-वायूचा वकील लागेलच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आपल्याकडच्या माणसाला ती पटकन पचत नाही. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर तुमचं नाव असलं तरी जमिनीखालचं खनिज सरकारचं असतं. जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या, ४८व्या कलमात ते लिहिलेलं आहे. तेल आणि वायूची रॉयल्टी आपल्याकडे सरकारला मिळते, शेतकऱ्याला नाही. अमेरिकेत खासगी जमिनीखालचं तेल आणि वायू मुळात जमीनमालकाचं असतं, आणि ते जमिनीपासून वेगळं विकताही येतं. वर एकाचं शेत आणि खाली दुसऱ्याचा गॅस, हे तिथे रोजचं आहे. म्हणून रॉयल्टी ही सरकारी मदत नाही किंवा कंपनीची मेहेरबानी नाही. आपल्या मालकीची वस्तू दुसऱ्याला काढायला दिली, त्याचा तो मोबदला आहे. हे मनात पक्कं असलं की कंपनीला पत्र लिहिताना हात कचरत नाही.

आता तुम्ही पाठवलेला स्टब. आकडे सोयीसाठी थोडे गोल करते. तुमचं युनिट ६४० एकरांचं आहे, म्हणजे आजूबाजूच्या अनेकांच्या जमिनी एकत्र करून त्याखाली आडव्या विहिरी खणलेल्या आहेत. त्यात तुमचे ६२ एकर. ६२ भागिले ६४०, गुणिले ०.१२५, म्हणजे ०.०१२१०९३८. स्टबवर 'ओनर इंटरेस्ट' किंवा 'डेसिमल' या नावाखाली हाच आकडा छापलेला आहे, तो बरोबर आहे. त्या महिन्यात युनिटमधून २,१०,००० एमसीएफ गॅस विकला गेला. एमसीएफ म्हणजे हजार घनफूट. भाव २.१० डॉलर. एकूण विक्री ४,४१,००० डॉलर. त्यात तुमचा हिस्सा ५,३४०.२३ डॉलर. त्याखाली तीन ओळी: गॅदरिंग (गॅस गोळा करणं), कॉम्प्रेशन (दाब वाढवणं), ट्रान्सपोर्टेशन (वाहतूक). तिन्ही मिळून एमसीएफमागे ९५ सेंट. तुमच्या हिश्शाची कपात २,४१५.८२. हातात आले २,९२४.४१.

आता उलटा हिशेब करा. विक्रीच्या रकमेवर तुम्हाला प्रत्यक्षात मिळालेला टक्का साडेबारा नाही, ६.८५ आहे. कायद्याने किमान साडेबारा सांगितलाय आणि पदरात सात टक्केही पडत नाहीत, तर हे बेकायदा वाटणारच. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

हे समजायला आपल्याकडच्या कांद्याच्या पट्टीची आठवण करा. शेतकरी माल आडतीवर नेतो, आडत्या पट्टी फाडतो, तीत वर भाव आणि खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं. स्टब म्हणजे गॅसची पट्टीच. प्रश्न एवढाच की भाव कुठला धरायचा, बांधावरचा की बाजारातला? आणि बाजारापर्यंतचं गाडीभाडं कोणी सोसायचं?

१८५९ मध्ये एडविन ड्रेकने याच पेनसिल्व्हेनियात, टायटसव्हिलला, तेलाची विहीर यशस्वी केली, आणि पुढे एक अष्टमांश हा हिस्सा या धंद्यात रूढ झाला. १९७९ चा कायदा झाला तेव्हा गॅस बहुधा विहिरीच्या तोंडाशीच पाइपलाइन कंपनीला विकला जाई. भावही सरकारी नियमांत बांधलेला असे. बांधावरचा भाव आणि बाजारातला भाव असा फरक करायची गरजच नव्हती, म्हणून कायदा लिहिणाऱ्यांनी 'रॉयल्टी' या शब्दाची व्याख्या केली नाही. पुढे संघराज्याने गॅसच्या भावावरचं नियंत्रण टप्प्याटप्प्याने उठवलं, आणि १९९२ मध्ये नियामक आयोगाच्या ६३६ क्रमांकाच्या आदेशाने पाइपलाइन कंपन्यांचा वाहतुकीचा आणि विक्रीचा धंदा वेगळा केला. तेव्हापासून काढणारी कंपनी गॅस गोळा करून, दाब वाढवून, पाणी काढून, लांबवरच्या केंद्रावर नेऊन विकते. मधला सगळा खर्च नव्याने हिशेबात आला. कायद्यातला शब्द मात्र जुन्या जगातलाच राहिला.

मग मार्सेलस खडकातला गॅस सापडला, २००७-०८ मध्ये लीजसाठी झुंबड उडाली, आणि प्रकरण कोर्टात गेलं. किल्मर विरुद्ध एलेक्सको लँड सर्व्हिसेस हा तो खटला. मालकांचं म्हणणं होतं की कपातीनंतर रॉयल्टी एक अष्टमांशाच्या खाली जाते, म्हणून लीजच रद्द ठरतं. मार्च २०१० मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कायद्यात व्याख्या नाही, तेव्हा शब्दाचा अर्थ धंद्यातल्या रूढीप्रमाणे घ्यायचा. रॉयल्टी विहिरीच्या तोंडाशी मोजायची, आणि तिथला भाव काढायचा तर विक्रीच्या भावातून मधला खर्च वजा करत मागे यायचं. याला 'नेट-बॅक' म्हणतात. म्हणजे तुमच्या ६.८५ टक्क्यांकडे न्यायालय असं पाहतं: विहिरीच्या तोंडाशी गॅसचा भाव २.१० नव्हता, १.१५ होता, आणि त्याचा एक अष्टमांश तुम्हाला पूर्ण मिळाला.

मला हा निकाल कधीच पटलेला नाही. 'किमान हमी' या शब्दांना सामान्य माणूस जो अर्थ लावतो तो यात उरत नाही. पण तो निकाल आहे आणि आजही तुमचा हिशेब त्याच्याच चौकटीत बसतो, म्हणून तो आधी समजून घ्यायला हवा. नुसतं 'कायद्यात साडेबारा आहे' असं पत्र लिहिलंत तर कंपनीकडून याच खटल्याचं नाव छापलेलं तयार उत्तर येईल.

राज्याची सीमा ओलांडली की याच शब्दांचा अर्थ बदलतो, हे मात्र लक्षात घेण्यासारखं आहे. शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात टॉनी विरुद्ध कोलंबिया नॅचरल रिसोर्सेस या खटल्यात २००६ मध्ये न्यायालय म्हणालं की लीजमध्ये नुसतं 'विहिरीच्या तोंडाशी' लिहिणं पुरेसं नाही, ते शब्द संदिग्ध आहेत. कोणता खर्च कापणार आणि तो कसा मोजणार हे स्पष्ट लिहिलं नसेल तर खर्च कंपनीचा. ओक्लाहोमात आणि कोलोरॅडोत गॅस विकण्याजोगा होईपर्यंतचा खर्च कंपनीने सोसायचा, असं साधारण तत्त्व आहे. टेक्सासमध्ये तर एकेका शब्दावर निकाल फिरतो. १९९६ च्या हेरिटेज रिसोर्सेस विरुद्ध नेशन्सबँक खटल्यात लीजवर 'कोणतीही कपात नाही' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तरी मालक हरले, कारण त्याच वाक्यात रॉयल्टी 'विहिरीपाशी असलेल्या बाजारभावावर' मोजायची होती. न्यायालय म्हणालं, विहिरीपाशीच्या भावात खर्च आधीच वजा झालेला आहे, मग 'कपात नाही' या शब्दांना काम काय उरतं? उलट २०१५ मध्ये हायडर कुटुंबाच्या खटल्यात हिस्सा 'खर्चमुक्त' लिहिला होता आणि त्याला विहिरीपाशीच्या भावाची दोरी बांधलेली नव्हती. तिथे मालक जिंकले, तेही पाचास चार अशा काठावरच्या मताने.

म्हणून तुमच्या प्रकरणात राज्याचा कायदा वाचायच्या आधी बाबांचं लीज वाचायचं. त्यातही छापील चार पानं नव्हे, त्याला जोडलेली पुरवणी, जिला ॲडेंडम म्हणतात. २००८ मध्ये ससक्वेहाना आणि ब्रॅडफर्ड काउंटीत कितीतरी शेजाऱ्यांनी गट करून वकील लावले होते आणि पुरवण्या लिहून घेतल्या होत्या. बाबा डॉक्टर होते, कागदांबाबत काटेकोर होते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून पुरवणी असण्याची शक्यता मला बरीच वाटते. तिच्यात 'ग्रॉस प्रोसीड्स' हे शब्द शोधा, म्हणजे विक्रीतून आलेल्या पूर्ण रकमेवर रॉयल्टी. 'कॉस्ट-फ्री' शोधा. 'मार्केट एन्हान्समेंट' नावाचा परिच्छेद आहे का पाहा. या शेवटच्याचा साधारण अर्थ असा की गॅस आधीच विकण्याजोगा असेल आणि पुढच्या खर्चाने त्याची किंमत वाढली, तरच तो खर्च वाजवी प्रमाणात कापता येईल. तो परिच्छेद असेल तर प्रत्येक कपातीमुळे किंमत कशी वाढली हे विचारायला तुम्हाला जागा मिळते.

इथे एक गोष्ट सांगते, कारण ती मी आतून पाहिली आहे. कंपनीत असताना माझ्या स्क्रीनवर प्रत्येक लीजसाठी एक छोटा चौकोन असे: कपात, 'हो' की 'नाही'. लीजचा कागद स्कॅन होऊन यायचा आणि आम्ही तो वाचून चौकोन भरायचो. एका विकत घेतलेल्या प्रकल्पाची चौदाशे लीजं तीन महिन्यांत भरायची होती. स्कॅन करणाऱ्याने पुष्कळ लीजांची पहिली चार पानंच स्कॅन केली होती, पुरवण्या खोक्यातच राहिल्या. चौकोनात 'हो' भरलं गेलं. चार वर्षांनी एक वयस्कर शेतकरीण स्वतःच्या प्रतीचं सातवं पान घेऊन आली. टाइपरायटरवर टाइप केलेलं, खाली दोघांच्या सह्या, 'कोणत्याही प्रकारची कपात करणार नाही'. तिचे पैसे व्याजासह परत मिळाले. पण त्या चौदाशेंपैकी ज्यांच्या घरात सातवं पान जपून ठेवलेलं नव्हतं, त्यांच्यापैकी कोणी आलं नाही. त्या वर्षी मी नोकरी सोडायचं ठरवलं.

यात लबाडी असतेच असं नाही. चूक असते, आणि ती आपणहून दुरुस्त होत नाही. काउंटीच्या रेकॉर्डर ऑफ डीड्सच्या कार्यालयात पूर्ण लीज मिळेल असंही धरून चालू नका. बहुतेक वेळा तिथे लीजचा फक्त एक-दोन पानी गोषवारा नोंदवलेला असतो, पुरवणी त्यात नसते. बाबांच्या कपाटातली प्रत हाच खरा दस्तऐवज. ती सापडली की आधी दोन प्रती काढा आणि मूळ कागद कोणालाही देऊ नका.

आता २०१३ कडे येते. त्या वर्षी १९७९ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यात एक तरतूद मालकांना नको असलेली होती: ज्या जुन्या लीजात युनिट करायला स्पष्ट मनाई नाही, तिथे कंपनीला शेजारची लीजं जोडून आडवी विहीर खणायची मुभा मिळाली. पण त्याच दुरुस्तीने एक चांगली गोष्टही दिली. चेकसोबत काय काय छापलंच पाहिजे याची यादी कायद्यात आली: कोणती विहीर किंवा युनिट, कोणत्या महिन्याचं उत्पादन, किती गॅस विकला, काय भाव मिळाला, एकूण कर आणि कपाती किती, निव्वळ रक्कम किती, मालकाचा हिस्सा दशांशात किती, कपातीआधी त्याची किंमत किती आणि नंतर किती, आणि चौकशीसाठी पत्ता व फोन. डिव्हिजन ऑर्डर, म्हणजे 'आमचा हिस्सा इतका आहे हे मान्य' असा सहीसाठी येणारा कागद, लीजच्या अटी बदलू शकत नाही, हेही त्यात आलं. आईंच्या नावावर हिस्सा चढवताना असा कागद येईल. त्यात दशांश तपासा, आणि कपातीला मान्यता देणारं एखादं वाक्य दिसलं तर ते खोडून, शेजारी आद्याक्षरं करून मगच सही करू द्या. सही करण्याआधी कायद्याचा आज लागू असलेला मजकूर राज्याच्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून काढून घ्या. तो मोफत मिळतो आणि फार मोठा नाही.

कपातीनंतरच्या रॉयल्टीला कायद्याने खालची मर्यादा घालावी यासाठीही प्रयत्न झाले. लायकमिंग काउंटीचे आमदार गार्थ एव्हरेट यांनी २०१३ पासून एकाहून अधिक वेळा विधेयक आणलं: खर्च काहीही असो, मालकाच्या हातात एक अष्टमांशापेक्षा कमी पडता कामा नये. विरोधकांचा मुद्दा असा होता की आधीच सह्या झालेले करार कायद्याने बदलणं हा राज्यघटनेचा भंग आहे. ती विधेयकं कायदा होऊ शकली नाहीत. राज्याच्या ॲटर्नी जनरलनी दुसरी वाट धरली, ग्राहक संरक्षण कायद्याखाली गॅस कंपन्यांवर खटला भरला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही बंद केली. लीजमध्ये कंपनी विकणारी नसून घेणारी आहे, म्हणून तो कायदा इथे लागत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. या दोन्ही गोष्टी मी मुद्दाम सांगते आहे. राज्य तुमच्या वतीने भांडेल या आशेवर अनेकांनी चार-पाच वर्षं वाट पाहिली, आणि तेवढ्यात त्यांची स्वतःची मुदत निघून गेली.

पेनसिल्व्हेनियात करारभंगाच्या दाव्याला चार वर्षांची मुदत आहे. प्रत्येक महिन्याचा चेक हा आपापला हिशेब, असं समजून चालणं सुरक्षित. तुम्ही आज गप्प बसलात तर दर महिन्याला मागचा एक महिना हातातून जातो. म्हणून बाबांच्या स्टबचा गठ्ठा तारखेप्रमाणे लावा आणि मागच्या चार वर्षांतल्या सगळ्यात जुन्या स्टबपासून सुरुवात करा.

तपासताना मी काय करते ते सांगते. पहिलं, गॅस किती निघाला. राज्याचं पर्यावरण खातं, ज्याला सगळे डीईपी म्हणतात, मार्सेलससारख्या विहिरींचं दरमहा उत्पादन जाहीर करतं. विहिरीचा परवाना क्रमांक स्टबवर असतो, तो टाकला की आकडा येतो. तो आणि स्टबवरचा विक्रीचा आकडा तंतोतंत जुळणार नाहीत, कारण थोडा गॅस कॉम्प्रेसर चालवायला जळतो. पण दोन-चार टक्क्यांऐवजी पंधरा टक्के तफावत दिसली तर थांबा आणि विचारा. दुसरं, भाव. बातम्यांत येणारा हेन्री हब या गॅस-केंद्राचा भाव लुइझियानातला आहे. तुमच्या भागात गॅस भरपूर आणि पाइपलाइन अपुऱ्या, त्यामुळे स्थानिक भाव बरीच वर्षं त्याच्या खाली राहिला आहे. तेव्हा हेन्री हबशी तुलना करून आरोप करू नका, पत्राचं वजन जातं. त्यापेक्षा शेजाऱ्याचा स्टब मिळवा. एकाच युनिटमध्ये, एकाच महिन्यात, एकाच कंपनीकडून वेगळा भाव किंवा वेगळी कपात दिसली, तर तो सगळ्यात चांगला पुरावा.

तिसरं, कपातीच्या ओळी. पेनसिल्व्हेनियात सेव्हरन्स टॅक्स, म्हणजे जमिनीतून काढलेल्या गॅसवरचा राज्याचा कर, नाही. २०१२ पासून तिथे विहिरीमागे 'इम्पॅक्ट फी' आहे आणि ती उत्पादक कंपनी भरते. त्यामुळे स्टबवर सेव्हरन्स टॅक्सच्या नावाने काही कापलेलं दिसलं तर त्याचा खुलासा त्याच दिवशी मागा. गॅदरिंगची ओळ सगळ्यात जाड असते. विहिरींपासून मोठ्या पाइपलाइनपर्यंत गॅस नेणाऱ्या कंपनीचे आणि गॅस काढणाऱ्या कंपनीचे मालक एकच आहेत का, हे विचारा. तसं असेल तर एमसीएफमागचा दर बाजारात ठरलेला नाही, घरातल्या घरात ठरलेला आहे. खर्च 'वाजवी' आणि 'प्रत्यक्ष' असावा असं लीजमध्ये लिहिलेलं असेल, तर त्या दराचा करार दाखवा असं म्हणता येतं. मी तपासलेल्या प्रकरणांत मालकांना परत मिळालेले पैसे सगळ्यात जास्त याच एका ओळीतून आले आहेत. काही खर्च खरोखर होतो, गॅस आपोआप बाजारात पोचत नाही, हे मी मानते. पण मधल्या साखळीतली प्रत्येक कडी एकाच गटाच्या खिशात असेल, तर तो खर्च मालकाने डोळे झाकून सोसावा हे मी कधीच मानणार नाही.

उशिराच्या पेमेंटबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. पेनसिल्व्हेनियापेक्षा इतर काही राज्यांचे कायदे या बाबतीत कितीतरी धारदार आहेत. टेक्सासमध्ये पहिल्या विक्रीचा महिना संपल्यावर १२० दिवसांत पहिला चेक, पुढे तेलाचा ६० आणि गॅसचा ९० दिवसांत, नाहीतर व्याज. ओक्लाहोमात व्याज १२ टक्के, तेही चक्रवाढ. मालकीत शंका असेल तर २०१८ पर्यंत ६ होतं, नंतर तो दर बदलला. नॉर्थ डकोटात १५० दिवसांनंतर १८ टक्के. तुमच्या बाबांच्या नावावर दुसऱ्या राज्यात काही हिस्सा निघाला तर हे आकडे उपयोगी पडतील.

रॉयल्टीच्या कायद्यांमागे बरंच दुःख आहे. ओक्लाहोमातल्या ओसेज या आदिवासी जमातीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९०६ च्या कायद्याने त्यांच्या जमिनीखालचं तेल जमातीच्या सामायिक मालकीचं राहिलं आणि २,२२९ जणांना त्यात वारसाहक्काने चालणारा हिस्सा मिळाला. तो वारसा हडपायला लग्नं झाली, मग खून झाले. १९२५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला की निम्मं किंवा अधिक ओसेज रक्त असलेल्या माणसाचा हिस्सा ओसेज नसलेल्याला वारसाने मिळणार नाही. पुढे सरकारने त्यांचा पैसा नीट सांभाळला नाही म्हणून खटला चालला आणि २०११ मध्ये ३८ कोटी डॉलरवर तडजोड झाली. संघराज्याच्या आणि आदिवासी जमातींच्या जमिनींसाठी १९८२ चा वेगळा रॉयल्टी कायदा आहे, त्यात सरकारच्या हिशेबनिसांना तपासणीचे मोठे अधिकार आहेत. खासगी मालकाला असा सरकारी हिशेबनीस नाही. त्याचा हिशेबनीस त्यालाच व्हावं लागतं, किंवा शोधावा लागतो. १९८० मध्ये स्थापन झालेली रॉयल्टी मालकांची राष्ट्रीय संघटना, नारो, तिची पेनसिल्व्हेनियात शाखा आहे. माहिती आणि माणसं दोन्हींसाठी तिचं सदस्यत्व घ्या असं मी सगळ्यांना सांगते.

आता वारसाचं पाहू. ते आधी उरकलं नाही तर बाकी सगळं अडेल. बाबांचं मृत्युपत्र न्यू जर्सीत सिद्ध झालं असेल, पण जमीन आणि गॅस पेनसिल्व्हेनियात आहेत, म्हणून ससक्वेहाना काउंटीतल्या रजिस्टर ऑफ विल्सकडेही पूरक प्रक्रिया करावी लागते. ती झाली नाही तर कंपनी पैसे 'सस्पेन्स'मध्ये, म्हणजे अडवून, ठेवते आणि काही वर्षांनी ते राज्याच्या खजिन्यात बेवारस मालमत्ता म्हणून जमा होतात. ते परत मिळवता येतात, पण हेलपाटे पडतात. पेनसिल्व्हेनियाचा वारसा कर पत्नीला शून्य आहे, मुलांना ४.५ टक्के. त्याचं विवरण मृत्यूपासून नऊ महिन्यांत द्यायचं असतं. तुमच्या नावावर काही हिस्सा ठेवलेला असेल तर हे काम आधीच उशिरात आहे, या आठवड्यात त्याला लागा. तो हिस्सा तुम्हाला मिळाला आणि तुम्ही अमेरिकेच्या रहिवासी नसाल, तर कंपनी रॉयल्टीतून सरसकट ३० टक्के कर कापेल. भारत-अमेरिका करारातली रॉयल्टीची सवलत पुस्तकं, पेटंट वगैरेंची. जमिनीखालच्या गॅसला ती लागत नाही. पण तिथल्या करकायद्यात ही मिळकत व्यवसायासारखी धरून निव्वळ रकमेवर कर भरण्याचा पर्याय आहे, आणि मग गॅस संपत जातो म्हणून मिळणारी १५ टक्क्यांची वजावटही घेता येते. दोन्ही देशांचे कर पाहणारा सीए गाठा, कारण इथल्या विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवावीच लागते.

मृत्यूची नोंद सार्वजनिक झाली की आईंना पत्रं येऊ लागतील, काहींमध्ये बँक ड्राफ्टसुद्धा असेल: 'तुमचे खनिज हक्क इतक्याला घेतो.' ड्राफ्टच्या मागे किंवा सोबतच्या कागदावर विक्रीखत असतं. कपातीचा वाद मिटल्याशिवाय हिस्सा विकायचा नाही, कारण खरेदीदार कपात झालेल्या चेकवरूनच किंमत काढतो.

कंपनीला पाठवायचं पहिलं पत्र एका पानाचं असू द्या. मालकाचा क्रमांक, विहिरीचा परवाना क्रमांक, लीजची तारीख, पुरवणीतला तो परिच्छेद जसाच्या तसा, आणि तीन प्रश्न: ही कपात लीजच्या कोणत्या शब्दांवर केली, गॅदरिंगचा दर कोणत्या कराराने ठरला, आणि गॅस नेणारी कंपनी तुमच्या मालकीची आहे का. आरोप नको, रागही नको. सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह, इस्टेटच्या एक्झिक्युटरच्या, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याच्या, सहीने. पोचपावतीचं हिरवं कार्ड परत आलं की ते पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. साठ दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा किल्मरचं नाव लिहिलेलं दोन ओळींचं उत्तर आलं आणि तुमच्या पुरवणीत 'ग्रॉस प्रोसीड्स' किंवा 'कॉस्ट-फ्री' असेल, तर वकिलाकडे जा. लवादाचं कलम आहे का तेही त्याला आधी दाखवा. कित्येक लीजांत ते असतं आणि मग कोर्टाऐवजी लवादाकडे जावं लागतं.

पुरवणी सापडलीच नाही आणि छापील लीजमध्ये 'विहिरीच्या तोंडाशी' एवढंच असेल, तर पूर्ण साडेबारा टक्के मिळवणं पेनसिल्व्हेनियात जवळजवळ अशक्य आहे. हे मी तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे वकिलावर खर्च करताना डोळे उघडे असतील. तरीही गॅसचं प्रमाण, भाव आणि दराचा वाजवीपणा या तीन गोष्टी तपासायचा प्रश्न उरतोच. आणि लीजची मुदत संपून नव्याने करार करायची वेळ आली, किंवा कंपनीला नवीन पाइपलाइनसाठी किंवा युनिट वाढवण्यासाठी तुमची सही हवी असली, तर त्या सहीच्या बदल्यात कपात बंद करून घेता येते. आईंना सांगून ठेवा की असा कोणताही कागद घेऊन कोणी दारात आलं तर चहा द्यावा, कागद ठेवून घ्यावा, आणि सही तुमच्याशी बोलल्यावर.

कपाटात पुरवणी सापडली तर तिचं ते पान मला पाठवा, नाव-पत्ता झाकून. मी वाचून सांगते.